कल्याण कॅम्प : महायुद्धांनी घडवलेला ठाण्याचा पट्टा

ठाणे, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर आणि अंबरनाथ या रेल्वेमार्गाला लागून पसरलेल्या पट्ट्यात दोन्ही महायुद्धांच्या काळात एकही लढाई झाली नाही, तरीही या पट्ट्यातील वस्तीची आजची ठेवण, जमिनीच्या मालकीचे चिघळलेले वाद, घरभाड्याचा कायदा आणि रेशनकार्ड यांचा माग काढत गेल्यास तो १९१४ ते १९४५ या तीन दशकांतील युद्धांपर्यंत जाऊन पोहोचतो. महायुद्धांचे परिणाम सांगताना तह, नव्या सीमा आणि साम्राज्यांचा अस्त यांचा विचार प्रामुख्याने केला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु युद्धकाळात तात्पुरते म्हणून काढलेले हुकूम व उभारलेली बांधकामे युद्ध संपल्यावरही टिकून राहिली आणि त्यांनी सामान्य माणसाचे जगणे अधिक खोलवर बदलले, ही गोष्ट त्या विवेचनात सहसा येत नाही. कल्याणजवळचा लष्करी तळ हे त्याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण आहे.

पहिल्या महायुद्धाची ठिणगी २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या हत्येने पडली असली, तरी त्यामागे युरोपीय राष्ट्रांमधील वसाहतींची व आरमाराची स्पर्धा, एका राष्ट्राला युद्धात ओढले की इतरांनाही आपोआप ओढणारे गुप्त करार आणि बाल्कन प्रदेशातील राष्ट्रवादाचा उद्रेक ही कारणे होती. या कारणांशी हिंदुस्थानचा काडीचाही संबंध नव्हता. तथापि ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारताच हिंदुस्थानही आपोआप युद्धात उतरला आणि मुंबई बंदर हे इराकमधील, म्हणजे त्या वेळच्या मेसोपोटेमियातील, मोहिमेचे पाठीमागचे ठाणे बनले. कोकण आणि देशावरील खेड्यांतून भरती झालेल्या मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या पलटणी जनरल टाउनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होत्या. डिसेंबर १९१५ पासून कूत येथे तुर्की वेढ्यात अडकलेल्या या सैन्याने २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने हतबल होऊन शरणागती पत्करली, तेव्हा सुमारे तेरा हजार माणसे युद्धकैदी झाली आणि त्यांतील पुष्कळजण वाळवंटातील पायपिटीत व कैदेत मरण पावले. संपूर्ण युद्धात हिंदुस्थानचे सत्तर हजारांहून अधिक सैनिक कामी आले.

या युद्धाचे मुंबई इलाख्यावर झालेले दोन परिणाम येथे विशेष महत्त्वाचे आहेत. युद्धकाळात गिरण्यांना तेजी आली, कामगारांचे लोंढे शहरात आले आणि घरभाडी कडाडली, तेव्हा सरकारने १९१८ मध्ये भाडेवाढीवर बंधन घालणारा कायदा केला. त्याच्या नावातच 'युद्धकालीन निर्बंध' असे शब्द होते आणि तो तात्पुरता असल्याचे सर्वांनी गृहीत धरले होते. दुसरा परिणाम त्याहून भीषण होता. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीमार्गे शिरलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीने, युद्धासाठी हलणाऱ्या जहाजांच्या व रेल्वेच्या वाटेनेच, देशभर सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसे मारली. युद्धात मेलेल्या हिंदी सैनिकांच्या संख्येशी या आकड्याची तुलना केली, म्हणजे युद्धाची खरी किंमत रणभूमीबाहेर किती मोजावी लागते हे दिसून येते.

२८ जून १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर युद्धाचा दोष आणि जबर नुकसानभरपाई लादली. त्यातून उपजलेला अपमान, १९२९ नंतरची जागतिक मंदी आणि राष्ट्रसंघाची दुर्बलता यांचा फायदा घेऊन १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, आणि १ सप्टेंबर १९३९ रोजी त्याने पोलंडवर आक्रमण केले. दोनच दिवसांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी लोकप्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. या एका निर्णयाचे परिणाम दूरगामी ठरले. निषेध म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी, मुंबईत बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने, राजीनामे दिले. रिकाम्या झालेल्या राजकीय मैदानात मुस्लिम लीगला बळ मिळाले आणि मार्च १९४० मध्ये लाहोरच्या अधिवेशनात तिने स्वतंत्र मुस्लिम राज्यांची मागणी ठरावाद्वारे मांडली. कल्याणच्या माळरानावर पुढे जी वसाहत उभी राहिली, तिच्या कारणांची साखळी येथून सुरू होते.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरेपर्यंत हिंदुस्थान हा युद्धाचा पुरवठादार होता. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर आणि ८ मार्च रोजी रंगून पडल्यावर तो युद्धाची सरहद्द बनला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोलंबो, विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे जपानी बॉम्ब पडले, बंगालच्या उपसागरातील वाहतूक धोक्यात आली, आणि माणसे व सामग्री उतरवून घेण्याचा भार पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांवर, विशेषतः मुंबईवर, पडला. जहाजांतून उतरणाऱ्या सैनिकांना पुढील रेल्वेगाडी मिळेपर्यंत काही दिवस वा आठवडे ठेवण्यासाठी लागणाऱ्या तळाला ट्रान्झिट कॅम्प म्हणत, आणि अशा तळासाठी कल्याणइतकी सोयीची जागा मुंबईच्या आसपास दुसरी क्वचितच असेल. १८५४ मध्ये रेल्वे पोहोचलेल्या या जंक्शनातून एक फाटा कसारा व थळ घाटातून नाशिककडे आणि पुढे उत्तरेला, तर दुसरा कर्जत व बोर घाटातून पुण्याकडे आणि दक्षिणेला जातो. दोन्ही मार्गांचे विद्युतीकरण १९३० पर्यंत झाले होते, त्यासाठी वीज पुरवणारे रेल्वेचे चोळा पॉवर हाऊस शेजारीच ठाकुर्लीला होते, उल्हास नदीचे पाणी हाताशी होते, आणि कल्याण गावाच्या दक्षिणेला वालधुनी नदीच्या आजूबाजूस मोकळी जमीन पसरलेली होती. बंदराच्या दाट वस्तीपासून हा तळ पन्नासेक किलोमीटर दूर होता, ही गोष्टही लष्कराच्या दृष्टीने गैरसोयीची नव्हती. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या दारूगोळ्याने व कापसाने भरलेल्या जहाजाचा स्फोट होऊन शेकडो माणसे दगावली, तेव्हा दाट वस्तीत युद्धसामग्री ठेवण्याचे परिणाम सर्वांनाच कळून चुकले.

कल्याणचा लष्करी तळ सुमारे सहा हजार सैनिक आणि इतर तीस हजार माणसांची सोय व्हावी या हिशेबाने बांधण्यात आला. त्यात दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. मध्ये एक लांबलचक दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या अशी त्यांची साधारण रचना असे. तळाचे पाच भाग पाडले होते आणि त्यांना क्रमांक दिलेले होते. एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणाऱ्या पलटणीला काही दिवस वा आठवडे छप्पर मिळावे एवढाच या बांधकामांचा हेतू होता. कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या राहावे असा विचार त्यांच्या आखणीत कोठेही नव्हता. याच भागात नेवाळी, भाल आणि लगतच्या गावांची जमीन घेऊन लष्कराने धावपट्टीही तयार केली.

जमीन घेण्याची ही पद्धत नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे वाद तिच्यातून निघाले. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखालील नियमांनी सरकारला युद्धकार्यासाठी खाजगी मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार दिला होता. अधिग्रहणात मालकी मूळ मालकाकडेच राहते आणि सरकार काही काळ भरपाई देऊन केवळ वापर करते. संपादनात मालकीच सरकारकडे जाते. लढाईच्या धामधुमीत, निरक्षर कुळांच्या आणि छोट्या खातेदारांच्या जमिनींबाबत, या दोहोंतला फरक कागदावर किती काटेकोरपणे राखला गेला हा प्रश्न शिल्लक राहिला. अधिग्रहणाचे अधिकार युद्ध संपताच संपायला हवे होते, पण १९४७ मध्ये ते वेगळा कायदा करून लांबवण्यात आले आणि १९५२ मध्ये स्वतंत्र भारताच्या संसदेने अधिग्रहण व संपादनाचा नवा कायदा करून ते पुढे चालू ठेवले.

ब्रिटिश सत्ता या पट्ट्यात तळ बांधत असतानाच जिल्ह्याच्या डोंगराळ भागात तिच्याविरुद्ध दुसरी लढाई चालू होती. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँक मैदानावरून 'चले जाव'ची हाक दिली गेल्यानंतर माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या 'आझाद दस्ता' या भूमिगत गटाने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडण्याची मोहीम हाती घेतली, कारण या विजेवर मुंबईतील युद्धोपयोगी उत्पादन अवलंबून होते. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी कोतवाल आणि हिराजी पाटील यांना मृत्यू आला. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, एका बाजूला जपान्यांशी लढायला निघालेल्या सैन्याची छावणी आणि दुसऱ्या बाजूला त्याच साम्राज्याच्या विजेच्या तारा तोडणारे तरुण होते. हिंदुस्थानच्या युद्धसहभागातील मूळची विसंगती याहून स्पष्टपणे कोठेही दिसत नाही.

ब्रह्मदेश गेल्यामुळे तेथील तांदळाची आवक थांबली आणि भातावर जगणाऱ्या मुंबई-कोकणाच्या ताटापर्यंत युद्ध येऊन पोहोचले. मे १९४३ मध्ये मुंबई शहरात धान्याचे रेशनिंग सुरू झाले, तर ग्रामीण भागात शेतकऱ्याच्या पिकातील ठरावीक हिस्सा ठरलेल्या दराने सरकारला सक्तीने द्यावा लागे. या सक्तीच्या खरेदीला लेव्ही म्हणत, आणि भाताचे कोठार असलेल्या ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या बोलण्यात तो शब्द तेव्हापासून रुळला. डिसेंबर १९४७ मध्ये महात्मा गांधींच्या आग्रहावरून नियंत्रणे उठवण्यात आली, पण भाव भडकल्याने वर्षाच्या आत ती पुन्हा आणावी लागली. आजची शिधावाटप व्यवस्था हे त्या युद्धकालीन यंत्रणेचेच पुढचे रूप आहे.

महागाईचे कारण मात्र केवळ धान्यटंचाई हे नव्हते. नोव्हेंबर १९३९ च्या समझोत्यानुसार हिंदुस्थानात होणाऱ्या युद्धखर्चाचा मोठा वाटा ब्रिटनने उचलायचा होता. परंतु ब्रिटन ती रक्कम लंडनमधील खात्यावर पौंडांत जमा दाखवी आणि तिच्या आधारावर येथे रुपयांच्या नोटा छापल्या जात. या जमा रकमेला स्टर्लिंग शिल्लक म्हणत. पैसा लंडनमध्ये अडकलेला आणि नोटा मात्र बाजारात आलेल्या, अशा स्थितीत १९४५ पर्यंत घाऊक किमती दुपटीहून अधिक वाढल्या. दुसरीकडे युद्धाअखेरीस ही शिल्लक सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली आणि शतकभर हिंदुस्थानचा सावकार असलेला ब्रिटन त्याचा कर्जदार झाला. कर्जबाजारी झालेल्या, थकलेल्या आणि जुलै १९४५ मध्ये मजूर पक्षाला निवडून दिलेल्या ब्रिटनला एवढे मोठे साम्राज्य सांभाळणे परवडणारे नव्हते. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या 'तलवार' तळावरून पेटलेल्या नौसैनिकांच्या उठावात ठाण्याजवळच्या 'अकबर' या नौदल तळावरील खलाशीही सामील झाले, तेव्हा हिंदी सैनिकाच्या निष्ठेवरही यापुढे विसंबता येणार नाही हे राज्यकर्त्यांना दिसले.

सत्तांतराबरोबर फाळणी आली. १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग असलेला सिंध प्रांत अखंडपणे पाकिस्तानात गेला. पंजाब आणि बंगालप्रमाणे त्याचे विभाजन झाले नाही, त्यामुळे सिंधी हिंदूंच्या वाट्याला स्वतःचा म्हणावा असा प्रांतच उरला नाही. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंगलीनंतर त्यांच्या स्थलांतराचा ओघ वाढला आणि बोटी भरभरून माणसे मुंबई बंदरात उतरू लागली. युद्धकाळातच ओसंडून वाहू लागलेल्या मुंबईत त्यांना ठेवायला जागा नव्हती. रिकामा पडलेला कल्याण कॅम्प मात्र तयार होता. जुन्या लष्करी वाटेनेच, बंदरापासून रेल्वेने कल्याणपर्यंत, सुमारे लाखभर निर्वासित येथे आणण्यात आले. पलटणीसाठी बांधलेल्या लांब दालनांत गोणपाटाचे आणि साड्यांचे पडदे लावून कुटुंबांनी आपापल्या वाट्याची जागा आखून घेतली. नळ आणि संडास सामायिक होते. सिंधमधील हैदराबाद, शिकारपूर आणि कराचीतील वाडे व दुकाने सोडून आलेल्या व्यापाऱ्यांनी लोकलगाडीत फेरीवाल्याचा धंदा केला, त्यांच्या बायकांनी पापड लाटले, आणि सरकारी शिधा बंद होईपर्यंत बऱ्याच घरांनी स्वतःच्या पायावर उभे राहण्याची तजवीज केली होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. १९५१ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ऐंशी हजारांवर होती. साठ वर्षांनी तेरा-साडेतेरा चौरस किलोमीटरच्या तेवढ्याच जागेत पाच लाखांहून अधिक माणसे राहत होती.

कल्याणचे उदाहरण एकटे नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक स्त्रिया आणि मुले, राहत होती; स्टालिनच्या राजवटीने सायबेरियात हद्दपार केलेली ही माणसे इराणमार्गे येथवर आली होती. १९४८ पर्यंत ती गेल्यावर त्यांच्याच छावणीत सिंधी कुटुंबे वसवण्यात आली, आणि आज कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच.

उल्हासनगरच्या उद्यमशीलतेचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि तिथल्या बनावट मालावर विनोदही पुष्कळ झाले आहेत. या दोन्हींच्या गोंगाटात शहराचा खरा आजार दुर्लक्षित राहतो. लष्कराने घेतलेली जमीन पुनर्वसन खात्याकडे आली, त्या खात्याने १९५४ च्या विस्थापितांच्या भरपाई कायद्याखाली बराकी आणि भूखंड लोकांना दिले, मालकीचा सरकारी दाखला असलेली सनद काहींना मिळाली, काहींना नाही. आणि बराकीच्या मापाने आखलेल्या अरुंद भूखंडांवर रीतसर परवानगीने मजले चढवणे जवळजवळ अशक्य होते. लोकसंख्या मात्र वाढतच होती. परिणामी बहुतांश शहरच अनधिकृत ठरले. २००५ च्या सुमारास उच्च न्यायालयाच्या आदेशाने इमारती पाडण्याची वेळ आली, तेव्हा राज्य सरकारला केवळ या एका शहरातील बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. या स्थितीसाठी केवळ बिल्डर आणि नगरसेवक यांना जबाबदार धरणे अपुरे आहे. सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी काढलेल्या नकाशावर पाच लाखांचे शहर वसवणे, हीच मुळातली चूक होती. आजही तेथील पत्त्यांत बराक क्रमांक आणि कॅम्प क्रमांक लिहिले जातात.

घरांच्या प्रश्नावर युद्धाने टाकलेली दुसरी छाया अधिक व्यापक आहे. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा भाडेनियंत्रण आले आणि १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच 'प्रमाण भाडे', म्हणजे आकारता येणारे कमाल भाडे, ठरवून गोठवले. बेघर होण्याच्या भीतीत असलेल्या लाखो भाडेकरूंना या कायद्याने आधार दिला, हे निर्विवाद आहे. पण वाढत्या महागाईत जुन्या भाड्याच्या आशेने नवी चाळ बांधायला कोणी तयार होईना, जुन्या इमारतींची दुरुस्ती थांबली आणि जागेचा ताबा देताना घेतल्या जाणाऱ्या बेहिशेबी रकमेची, म्हणजे पागडीची, प्रथा पसरली. आजच्या बृहन्मुंबईच्या हद्दीतील लोकसंख्या १९४१ मधील सुमारे १८ लाखांवरून १९५१ मध्ये सुमारे ३० लाखांवर गेली असताना भाड्याची घरे मिळेनाशी झाली. म्हणून एकीकडे १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाला, ज्याच्या वारशातून पुढे म्हाडा आली, स्वस्त घरे बांधावी लागली, आणि दुसरीकडे मालकी तत्त्वावरील फ्लॅटची पद्धत रुजली. गिरगाव-दादरच्या चाळींतून बाहेर पडलेल्या मराठी मध्यमवर्गाने डोंबिवली गाठली, त्याला रेल्वेची सोय जितकी कारण झाली तितकीच ही कायदेशीर कोंडीही. युद्धकाळातील तारखेला बांधलेले हे भाडे नवा राज्यव्यापी कायदा ३१ मार्च २००० रोजी लागू होईपर्यंत टिकून राहिले.

ठाण्यातील वर्तकनगर हे या इतिहासाचे छोटे चित्र आहे. म्हाडाच्या इमारतींची ही वसाहत पोखरण मार्गावर जिच्या शेजारी आहे ती रेमंड गिरणी युद्धकाळात ब्लँकेटे आणि जाडेभरडे लोकरी कापड काढीत असे. १९४४ मध्ये ती सिंघानिया घराण्याकडे गेली, २००९ मध्ये तिचे उत्पादन थांबले आणि आता तिच्या जमिनीवर टोलेजंग निवासी मनोरे उभे राहत आहेत. शेजारी म्हाडाच्या जुन्या इमारतींचाही पुनर्विकास चालू आहे.

नेवाळीचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळेल असे आश्वासन होते, असे तेथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत आणि त्यांपैकी अनेकजण ती जमीन कसतही होते. संरक्षण खात्याच्या मते सोळाशे एकरांहून अधिक असलेली ही जमीन सरकारची आहे. नौदलाने तिला भिंत घालण्यास सुरुवात केल्यावर २२ जून २०१७ रोजी आंदोलनाचा भडका उडाला, पोलिसांची वाहने जाळली गेली, पोलिसांनी छऱ्यांच्या बंदुका चालवल्या आणि दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. ज्या युद्धात ही जमीन गेली ते संपून तेव्हा बहात्तर वर्षे होत आली होती. १९४२-४३ मध्ये ती कोणत्या नियमाखाली, किती काळासाठी आणि कोणती भरपाई देऊन घेतली गेली, हे ठरवण्यासाठी आंदोलनाची वा भिंतीची गरज नाही. संरक्षण खाते, जिल्हाधिकारी कार्यालय आणि भूमी अभिलेख खाते यांच्या दप्तरांतील कागद शोधून ते शेतकऱ्यांसमोर ठेवले पाहिजेत. उल्हासनगरच्या महापालिकेनेही उरल्यासुरल्या बराकींपैकी एखादी तरी, ती पडून जाण्यापूर्वी, जतन करावी.